पदवीनंतर पुढं काय? एमए, एमएससी, एमबीए, एमसीए, एमएसडब्ल्यू... कोणती पदवी कुठल्या नोकरीला लागते आणि कुठल्या नाही

माण (ता. मुळशी) : आपल्याकडं 'पीजी' म्हटलं की आधी पाटी आठवते. 'मुलांसाठी पीजी, जेवणासह.' माण, मारुंजी, हिंजवडीत ज्याच्याकडं चार खोल्या आहेत त्यानं ती पाटी लावलीय. कॉलेजात जाणाऱ्या पोरांचं पीजी वेगळं. त्यांच्या भाषेत पीजी म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएशन, पदवीच्या पुढचं शिक्षण. यंदा हा विषय माझ्याच घरात आलाय. थोरली पोरगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचे मामा म्हणतात एमबीए कर, तिचे चुलते म्हणतात बीएड कर, आजी म्हणते आता लग्नाचं बघा. मी स्वतः बारावी. त्यामुळं सल्ला द्यायच्या आधी माहिती गोळा केली. ती सगळ्यांच्याच उपयोगाची आहे म्हणून इथं लिहितोय.

त्यामागं एक अनुभव पण आहे. माझ्या पुतण्यानं बीकॉमला फर्स्ट क्लास काढला होता. एका एजंटच्या सांगण्यावरून सीईटी न देता त्यानं 'डायरेक्ट' प्रवेश घेतला. जमिनीच्या मोबदल्यातले जे काही उरले होते त्यातले सहा लाख दोन वर्षांत गेले. हातात आलं ते एमबीएचं नाही, पीजीडीएमचं सर्टिफिकेट. पुढं एका भरतीत त्याच्याकडं 'एमबीए समकक्ष' असल्याचं पत्र मागितलं, ते त्या संस्थेचं मिळेना. आज तो आयटी पार्कात सुपरव्हायझर आहे आणि त्याच्याबरोबर बीकॉम होऊन थेट कामाला लागलेला मित्र त्याच पगारावर आहे. पोरगा हुशार आहे, कामाला पण कडक आहे. चूक एवढीच झाली की पैसे भरायच्या आधी आम्ही कुणी चार प्रश्न विचारले नाहीत.

आधी हे बघा : पीजी लागतच नाही अशा नोकऱ्या

गावात एक समज आहे की जेवढी मोठी पदवी तेवढी मोठी नोकरी. सरकारी नोकरीच्या बाबतीत हे बऱ्याचदा चुकीचं आहे. यूपीएससी आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी पुरते. पीएसआयला पदवी पुरते. तलाठी, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यालाही पदवी. बँकेत क्लार्क आणि पीओ, दोन्हीला पदवी. पोलीस शिपाई तर बारावीवर. कृषी सेवेच्या परीक्षेला बीएस्सी अ‍ॅग्री चालतं, बँकेतल्या कृषी अधिकाऱ्यालाही तेच. इंजिनिअर पोरांना सरकारी कंपन्यांत गेटच्या मार्कांवर घेतात, तिथंही बीई पुरतं.

म्हणजे ज्याला फक्त स्पर्धा परीक्षाच द्यायची आहे, त्यानं 'वर्ष वाया जाऊ नये' म्हणून लाखभर फी भरून पीजी करण्यात अर्थ नाही. एमएला नाव घालायचंच असेल तर जो विषय पेपरला वैकल्पिक घेणार आहे त्याच विषयात घालावं, म्हणजे एकाच अभ्यासात दोन कामं होतात. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून यूपीएससीसारखी वर्णनात्मक झालीय आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आलेत, त्यामुळं याला आता जास्त किंमत आहे.

पीजीशिवाय दार उघडतच नाही अशा नोकऱ्या

१. ज्युनिअर कॉलेजचा शिक्षक : त्या विषयाची पीजी किमान ५० टक्क्यांनी आणि सोबत बीएड. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन असतं. जानेवारी २०२३ पासून ते ज्युनिअर कॉलेजला महिना २०,००० रुपये आहे.

२. सीनिअर कॉलेजचा प्राध्यापक : एमए, एमकॉम किंवा एमएससी ५५ टक्क्यांनी (मागासवर्गीयांना ५०) आणि नेट किंवा सेट. नेट देशपातळीवर, सेट महाराष्ट्र-गोव्यासाठी. सेट आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं.

३. इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राध्यापक : बीई आणि एमई/एमटेक, दोन्हीपैकी एकात फर्स्ट क्लास. इथं नेट लागत नाही.

४. कृषी विज्ञान केंद्रातला विषय विशेषज्ञ : एमएस्सी अ‍ॅग्री. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगावला अशी केंद्रं आहेत.

५. कॉलेजचा ग्रंथपाल किंवा क्रीडा संचालक : एमलिब किंवा एमपीएड, आणि नेट/सेट.

६. दवाखान्यातला समाजसेवा अधिकारी, समुपदेशक, कारखान्यातला कामगार कल्याण अधिकारी : एमएसडब्ल्यू किंवा त्या विषयातली मान्य पदवी.

७. शास्त्रज्ञ, संशोधक : एमएससी किंवा एमटेक, आणि त्यापुढं पीएचडी.

प्राध्यापकीबद्दल एक खरं सांगावं लागेल. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली कितीतरी पोरं आज तासिका तत्त्वावर शिकवतायत. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काहीच नाही. मन असेल तर या वाटेनं जरूर जावं, पण कायम जागा निघेपर्यंत घर चालेल का, याचा हिशोब आधी करावा.

पीजीचे तीन प्रकार

नावं पन्नास असली तरी प्रकार तीनच.

पहिला, विषयाची पीजी : एमए, एमएससी, एमकॉम. यात विषय खोलात शिकवतात. शिक्षकी, संशोधन, लॅब हा त्याचा रस्ता.

दुसरा, व्यवसायाची पीजी : एमबीए, एमसीए, एमएसडब्ल्यू, एमलिब, एलएलएम. यात काम शिकवतात. फी जास्त असते आणि कॉलेज कुठलं यावर नोकरी बरीच अवलंबून असते.

तिसरा, संशोधनाकडं नेणारी पीजी : एमटेक, एमएस्सी अ‍ॅग्री, एमएससीनंतर पीएचडी. एमफिल आता बंद झालंय. कुणी एमफिलला प्रवेश देतो म्हणत असेल तर पैसे देऊ नका, यूजीसी ती पदवी आता मानत नाही.

कुठली पदवी, कुणासाठी

एमए : मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल. शिक्षकी आणि स्पर्धा परीक्षा हे मुख्य रस्ते. अर्थशास्त्रात गणित-संख्याशास्त्र चांगलं असेल तर बँका, सर्वेक्षण संस्था, कंपन्यांत काम मिळतं. पुण्यातली गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासूनची आहे. पत्रकारितेची आवड असणाऱ्यांसाठी पुणे विद्यापीठाचा विभाग आहे, ज्याला सगळे रानडे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतात.

एमएससी : केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फिजिक्स, गणित, संख्याशास्त्र. केमिस्ट्री-मायक्रोवाल्यांना औषध आणि केमिकल कंपन्यांच्या लॅबमध्ये, तपासणी विभागात काम असतं. आपल्या पोरांना एक गोष्ट माहीत नसते. माणपासून बसनं जाण्याइतक्या अंतरावर, पाषाणला, देशातल्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) १९५० पासून, आयसर पुणे २००६ पासून, शिवाय विषाणू संस्था एनआयव्ही. तिथं प्रकल्पांवर एमएससी झालेल्यांची तात्पुरती भरती निघत असते. तात्पुरती असली तरी तिथला अनुभव पुढं पीएचडीला आणि कंपनीत दोन्हीकडं धरला जातो. आयआयटीत एमएससी करायचं असेल तर 'जॅम' ही परीक्षा, ती फेब्रुवारीत होते. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. पुणे विद्यापीठाच्या विभागांची प्रवेश परीक्षा वेगळी.

एमएस्सी अ‍ॅग्री : आधी चार वर्षांचं बीएस्सी अ‍ॅग्री लागतं. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत, प्रवेश सीईटीतून. संशोधन, बियाणं-खतांच्या कंपन्या, केव्हीके हा रस्ता. अधिकारी व्हायचं असेल तर वर सांगितलं तसं बीएस्सीवरच परीक्षा देता येते.

एमकॉम : नुसतं एमकॉम कंपनीत फार उपयोगी पडत नाही, शिक्षकीला पडतं. कॉमर्सवाल्यांनी शेजारचे रस्ते पण बघावेत. बीकॉमला ५५ टक्के असतील तर सीएला फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला जाता येतं. दुसरं म्हणजे जीडीसी अँड ए. ही सहकार खात्याची परीक्षा आहे. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाच्या कामासाठी हा डिप्लोमा धरला जातो. पतसंस्था, विकास सोसायट्या आपल्याला माहीत आहेत, पण हिंजवडी-वाकडच्या टॉवरमधल्या हाउसिंग सोसायट्या पण सहकारीच आहेत. त्यांचे हिशोब लिहायला आणि तपासायला माणूस लागतोच.

एमबीए : कुठल्याही शाखेचा पदवीधर, ५० टक्के (राखीव प्रवर्गाला ४५). राज्यातला प्रवेश एमएएच-एमबीए सीईटी आणि त्यानंतरच्या कॅप राउंडमधून. शेवटच्या वर्षाला असतानाच सीईटी देता येते. पुणे विद्यापीठाचा स्वतःचा एमबीए विभाग 'पुम्बा' याच सीईटीतून भरतो. फायनान्स, मार्केटिंग, एचआर हे नेहमीचे विषय. चाकण-तळेगाव पट्ट्यात गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने असल्यानं ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनला मागणी असते. शेतीची पार्श्वभूमी असणाऱ्यांसाठी अ‍ॅग्री बिझनेसचं एमबीए आहे. ते हिंजवडीतच सिंबायोसिसच्या एसआयआयबी संस्थेत चालतं, प्रवेश 'स्नॅप' परीक्षेतून, फी मात्र खाजगी विद्यापीठाची. पुण्यात वैकुंठ मेहता संस्थेत (वॅम्निकॉम) पीजीडीएम अ‍ॅग्री बिझनेस आहे.

एमबीए आणि पीजीडीएममधला फरक नीट समजून घ्या. एमबीए विद्यापीठ देतं. पीजीडीएम स्वायत्त संस्था देते, तो डिप्लोमा असतो. पीजीडीएम वाईट असतं असं नाही, देशातल्या काही नावाजलेल्या संस्था पीजीडीएमच देतात. पण संस्थेला एआयसीटीईची मान्यता आहे का आणि त्या कोर्सला एआययूची 'एमबीए समकक्ष' मान्यता आहे का, हे दोन कागद बघितल्याशिवाय एक रुपया भरू नका. माझ्या पुतण्याच्या बाबतीत नेमकं हेच राहिलं.

एमसीए आणि एमएससी कॉम्प्युटर : बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरवाल्यांसाठी. एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, २०२०-२१ पासून दोन वर्षांचं झालं. प्रवेश सीईटीतून. आयटी कंपन्या दोन्ही पदव्या सारख्याच धरतात, मुलाखतीत प्रोग्रॅम लिहिता येतो का हे बघतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर आणखी एक रस्ता आहे. काही आयटी कंपन्या बीसीए-बीएस्सी झालेल्यांना कामावर घेऊन कंपनीच्या खर्चानं एमटेक करून देतात. विप्रोचा 'विल्प' हा कार्यक्रम त्यातला. ठरलेली वर्षं कंपनी सोडायची नाही असा करार असतो, तो सही करायच्या आधी वाचावा. इंजिनिअर आणि एमसीए झालेल्यांसाठी सी-डॅकचा पीजी-डॅक हा साधारण सहा महिन्यांचा कोर्स आहे, प्रवेश 'सी-कॅट' परीक्षेतून. ती मास्टर्स पदवी नाही, पण नोकरीसाठी बरीच पोरं तो करतात.

एमई/एमटेक : चाकणच्या कारखान्यात उत्पादन किंवा क्वालिटीला डिप्लोमा आणि बीईवरच घेतात. तिथं एमटेकनं पगार दुप्पट होईल असं समजू नका. डिझाइन, संशोधन विभाग आणि प्राध्यापकी इथं मात्र ते लागतं. गेट पास होऊन एआयसीटीई मान्य कॉलेजात प्रवेश घेतला तर महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो.

एमएसडब्ल्यू : आपल्या पट्ट्यात ही पदवी लोकांना कमी माहीत आहे. कुठल्याही शाखेचा पदवीधर करू शकतो. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं (टिस) केंद्र आहे. कारखाने अधिनियम १९४८ प्रमाणं ५०० कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमावा लागायचा, नव्या कामगार संहितेत हा आकडा २५० वर आणलाय. चाकण, पिंपरी, पिरंगुटमधले कारखाने मोजा म्हणजे अंदाज येईल. शिवाय कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ते काम गावात उतरून करायला माणसं लागतात, आणि गावात वाढलेल्या पोराला ग्रामपंचायत काय असते हे कुणी शिकवावं लागत नाही.

एलएलबी-एलएलएम : पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी हे पीजी नाही, ती दुसरी पदवी झाली. पण वकिली करायला तेच लागतं, वर बार कौन्सिलची परीक्षा. एलएलएम वकिलीसाठी गरजेचं नाही, ते शिकवण्यासाठी आणि अभ्यासासाठी. मुळशीत सातबारा, वाटप आणि भूसंपादनाच्या केसेस किती आहेत ते पौडच्या कचेरीत एक दिवस बसलं तरी कळतं. आवड नसताना एमए करण्यापेक्षा काहींना हा रस्ता बरा पडेल.

नोकरी करत शिकायचं असेल तर

कंपनीत लागलेल्या पोरांनी आणि सासरी गेलेल्या मुलींनी हा भाग वाचावा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इग्नू १९८५ पासून दूरशिक्षण देतंय. यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीइतकीच धरायची. त्याच वर्षी एका वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी दिली.

पण तीन गोष्टी तपासा. एक, संस्थेचं आणि त्याच कोर्सचं नाव त्या वर्षीच्या यूजीसी डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत आहे का. विद्यापीठ खरं असतं, पण तो कोर्स दूरस्थ चालवायची परवानगी नसते, असं होऊ शकतं. दोन, प्रवेशाआधी 'डेब आयडी' काढावा लागतो. तो तुम्ही स्वतः काढता, त्यामुळं त्याशिवाय प्रवेश देणारा एजंट तिथंच ओळखता येतो. तीन, इंजिनिअरिंग आणि कायद्याच्या पदव्या दूरस्थ चालत नाहीत. 'घरबसल्या एमटेक' किंवा 'घरबसल्या एलएलबी' असा मेसेज आला तर पुढं पाठवू नका. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी पण प्रसिद्ध करते, ती मोबाइलवर दोन मिनिटांत बघता येते.

एक वर्ष की दोन वर्षं?

नव्या शैक्षणिक धोरणानं इथं बदल केलाय. तीन वर्षांची पदवी घेतली तर पीजी दोन वर्षांची. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर पीजी एका वर्षाची. आपल्या विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजात हे धोरण पदवीला २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे तेव्हा पहिल्या वर्षाला गेलेली मुलं २०२७ मध्ये तीन वर्षांवर थांबू शकतात किंवा २०२८ मध्ये चार वर्षं पुरी करू शकतात. एकूण वर्षं दोन्हीकडं पाचच. फरक असा की चौथं वर्ष त्याच कॉलेजात होतं आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट नेट आणि पीएचडीला जाता येतं. संशोधनाकडं जायचंय त्यांनी चौथं वर्ष करावं. एमबीए, एमसीएला जायचंय त्यांना तीन वर्षं पुरतात.

पैशाचं गणित

सरकारी आणि अनुदानित कॉलेजातलं एमए, एमकॉम, एमएससी अजून आपल्या आवाक्यात आहे. खाजगी एमबीए-एमसीएची फी लाखात जाते. तिथं कॅप राउंडमधून गेलं तरच सवलत मिळते, हे सगळ्यात महत्त्वाचं. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती नाही.

कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत व्यावसायिक कोर्सची निम्मी फी मिळते. मुलींसाठी जुलै २०२४ मध्ये सरकारनं निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. म्हणजे मुलीच्या एमबीएला फी आड येते म्हणून थांबायचं कारण आता राहिलेलं नाही. अर्ज महाडीबीटीवर. त्याशिवाय सारथी, महाज्योती, बार्टी, टीआरटीआय या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या मुलांना स्पर्धा परीक्षेसाठी आणि पीएचडीसाठी मदत करतात. नेटमधून जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये फेलोशिप, त्याला वयाची अट ३० वर्षं.

कर्ज काढायचं असेल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. साडेसात लाखांपर्यंत बँक साधारणपणे तारण मागत नाही. उरलेली जमीन विकायचा विचार सगळ्यात शेवटी.

परदेशात मास्टर्स

आयटी पार्काच्या शेजारी राहून आपल्या पोरांना पण आता जर्मनी-अमेरिका दिसायला लागलीय. जर्मनीत बऱ्याचशा सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात आणि आधी एपीएस हे कागदपत्र पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. इंग्लंडमध्ये मास्टर्स एका वर्षात होते, फी मोठी. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाचं एमएस केल्यावर ओपीटीवर तीन वर्षांपर्यंत काम करता येतं, त्यानंतर व्हिसा मिळेल याची खात्री कुणीच देत नाही. कर्ज तीस-चाळीस लाखांचं असेल तर परत यावं लागलं तर इथल्या पगारावर हप्ता फिटेल का, हे घरात सगळ्यांनी बसून मांडावं.

कागदं आत्ताच काढा

सीईटीत चांगले मार्क पडून कागदांवाचून जागा गेल्याची उदाहरणं आहेत. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र सेतू केंद्रातून किंवा पौडच्या तहसील कार्यालयातून मिळतं. जात वैधता जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून, तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पोरगं शेवटच्या वर्षाला गेलं की दिवाळीच्या आत अर्ज टाकावा. आधार आणि मार्कशीटवरचं नाव एकसारखं आहे का तेही बघा, आपल्याकडं 'बाई' आणि 'राव'वरून खूप अडतं.

प्रवेशाआधीचे चार प्रश्न

एक, मला जी नोकरी हवीय तिच्या जाहिरातीत 'शैक्षणिक पात्रता' काय लिहिलीय? एक जुनी जाहिरात काढून वाचा. त्यात ही पदवी नसेल तर ती कशासाठी करायची?

दोन, पदवीवर शिक्का कुणाचा? विद्यापीठाचा, स्वायत्त संस्थेचा, आणि मान्यता कुठली?

तीन, प्रवेश परीक्षेतून आहे की पैशातून? पैशातून असेल तर सवलत गेली.

चार, त्या कॉलेजातून गेल्या वर्षी पास झालेली दोन पोरं आज काय करतात? कॉलेजच्या पत्रकातलं 'शंभर टक्के प्लेसमेंट' वाचू नका. त्या पोरांना फोन लावा आणि पगार किती आणि कायम आहे का, एवढंच विचारा.

हे चार प्रश्न वहीत लिहून मी आणि पोरगी रविवारी बसलो. मामांचा एमबीए पहिल्याच प्रश्नाला बाजूला पडला, कारण तिला लॅबमध्ये काम करायचंय. मी म्हणलं, मग एमएससी. ती म्हणाली, "पप्पा, नुसतं एमएससी नाही. आधी जॅम देते, विद्यापीठाची परीक्षा देते. दोन्हीकडं नाही झालं तर कॉलेजला एमएससी आणि मग सेट." बीएडचं काय, असं तिच्या काकांनी विचारलं. ती म्हणाली, "ते एमएससीनंतर पण करता येतं, काका. एमएससीशिवाय बीएड केलं तर ज्युनिअर कॉलेजला चालत नाही." त्यांना हे माहीत नव्हतं. मलाही महिन्याभरापूर्वी नव्हतं.

आजी अजून लग्नाचं म्हणतेच आहे. तिला सांगितलंय, दोन वर्षं थांब. सोमवारी जात वैधतेचा अर्ज भरायला निघालोय.